चिठ्ठी दिली, समज कोण देणार?

आमच्या वस्तीतील एक सफाई कामगार वर्षभर खंगत गेले. शौचाला तेलकट व्हायचे, खाल्लेले अंगी लागत नव्हते. कुणी करणी म्हटले, कुणी दारूचे नाव घेतले. माणूस मात्र निर्व्यसनी! अखेर निदान झाले : स्वादुपिंडाचा जुनाट दाह. अन्न पचविणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, तयार करणारी ग्रंथीच थकली होती. डॉक्टरांनी एन्झाइमच्या कॅप्सूल लिहून दिल्या. पण घ्यायच्या कशा, हे कुणी सांगितले नाही. हे गृहस्थ सकाळी उपाशीपोटी गरम चहाबरोबर घेत राहिले. गुण येणार कसा?

हे औषध अन्नात मिसळले तरच काम करते. म्हणून ते जेवणाच्या व नाश्त्याच्या पहिल्या घासांबरोबर, साध्या पाण्याने अखंड गिळावे. चावू नये, गरम पदार्थात टाकू नये. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारून आतले दाणे सफरचंदाच्या थंड गरात मिसळून लगेच गिळावेत आणि वर पाणी प्यावे. दाणे तोंडात राहिले तर तोंड येते.

डबीवरील १०,००० किंवा २५,००० हा आकडा लायपेज या विकराच्या एककांचा असतो. गुण नाही म्हणून मात्रा मनाने वाढवू नये. इंग्लंडमध्ये १९९४ साली सिस्टिक फायब्रोसिस झालेल्या मुलांत जास्त शक्तीच्या औषधानंतर मोठे आतडे आकसल्याचे उघड झाले. तेव्हापासून दिवसाला वजनाच्या किलोमागे १०,००० एककांची मर्यादा पाळली जाते. उलट, पैसे वाचवायला मात्रा तोडली तर कुपोषण होते. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे कमी पडतात. दुकानातले साधे पाचक सिरप हा त्याला पर्याय नव्हे. आणि हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते, हेही रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे.

पुढे एका परिचारिकेने पाच मिनिटे बसून समजावले, तेव्हा आमच्या या बांधवाचे वजन वाढू लागले. औषध तेच होते, फक्त समज नवी!

ज्ञान वर ठेवायचे आणि खाली नुसता हुकूम सोडायचा, ही मनुवादी रीत दवाखान्यातही चालू आहे. औषधाची माहिती रुग्णाला त्याच्या भाषेत मिळणे हा उपकार नव्हे, हक्क आहे. सरकारी रुग्णालयांनी ती मराठीत लेखी द्यावी. तथागतांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली होती. आपल्या शिकलेल्या तरुणांनी निदान वस्तीतल्या रुग्णाबरोबर दवाखान्यात जावे, प्रश्न विचारावेत, उत्तरे लिहून घ्यावीत. बाबासाहेबांनी हातात दिलेली लेखणी यासाठीही आहे.

जयभीम!