हसवणारे नेमके कोणाला हसतात?

पनवेल तालुक्यातल्या बेलपाड्याला आता मेट्रोचे स्थानक आहे. बेलापूर-पेंधर मार्गाचे काम २०११ साली सुरू झाले आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. बारा वर्षे त्यातच गेली. तयार झालेली गाडीही मोठ्या पाहुण्याच्या तारखेची वाट पाहत उभी राहिली आणि अखेर समारंभाविनाच सुरू करावी लागली. त्याच वर्षी १६ एप्रिलला इथेच, खारघरच्या मैदानावर, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात पार पडला. मान्यवरांच्या डोक्यावर छप्पर होते, समोर बसलेल्या लाखो लोकांच्या डोक्यावर नव्हते. उष्माघाताने १४ माणसे मेली. पहिल्या गोष्टीवर पोट धरून हसता येते. दुसरीवर हसवत नाही. पण ज्यांनी मांडव स्वतःपुरताच घातला त्यांची टर उडवलीच पाहिजे. राजकीय विनोदाचे काम याहून वेगळे काय असते?

मग आमच्या मराठी वाहिन्या कशावर हसवतात? २०१४ साली झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' आले, २०१८ साली सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. कलावंत गुणी आहेत. त्यांतले कित्येक चाळीतून, खेड्यातून वर आले, याचा आम्हाला आनंदच आहे. पण हशा पिकतो तो जाड बाईवर, काळ्या रंगावर, गावंढळ बोलीवर आणि साडी नेसलेल्या पुरुषावर. पुढारी आलाच तर पाहुणा म्हणून येतो, खुर्चीत बसून टाळ्या वाजवतो. मध्ये साबण, मोबाईल, गृहकर्जाच्या जाहिराती. नवा सिनेमा लागणार असला की त्याचा अख्खा संच प्रसिद्धीला हजर. ज्याच्या पैशावर कार्यक्रम चालतो त्याची थट्टा कोण करील? बहुजनांच्या पोराने बहुजनांच्याच बोलीची नक्कल करायची आणि बहुजनांनीच घरी बसून हसायचे, असा हा धंदा आहे.

एके काळी असे नव्हते. १९८९ साली जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो' सरकारी कारभाराची सालटी काढत होता, तेही सरकारच्याच दूरदर्शनवर! त्याच्याही कितीतरी आधी सत्यशोधकी जलशांनी भटजी-शेटजींना भर चौकात उघडे पाडले. भीमराव कर्डकांच्या जलशाने बाबासाहेबांचा विचार हसतखेळत वस्त्यावस्त्यांत नेला. अण्णा भाऊ साठे यांच्या एका लोकनाट्याचे नावच 'शेटजींचे इलेक्शन'. या हशाचा रोख नेहमी वरच्याकडे होता. त्याला प्रायोजक नव्हता; पोरे ढोलकी घेऊन निघत आणि वस्तीच भाकरी घाली.

वाहिन्यांनी हाकललेला हा विनोद आता इंटरनेटवर राहायला गेला आहे. तिथेही सुख नाही. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांनी एक विडंबनगीत गायले. त्यात कोणाचे नाव नव्हते. तरी ते उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावरच आहे असे म्हणत शिवसैनिकांनी खारचा हॅबिटॅट स्टुडिओ फोडला. दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे हातोडेही तिथे पोहोचले. मेट्रोला बारा वर्षे, हातोड्याला एक रात्र! कामरा यांनी उत्तरादाखल हातात संविधान धरलेला फोटो टाकला. संविधान हाती धरणारा प्रत्येक जण आपला असतो असे आम्ही मानत नाही. पण १९व्या कलमाचा आधार त्यांना घ्यावासा वाटला, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

आणि इथे चळवळीलाही एक कडू प्रश्न आहे. मे २०१२ मध्ये अकरावीच्या पुस्तकातल्या शंकर यांच्या १९४९ सालच्या व्यंगचित्रावरून वादळ उठले. गोगलगायीवर बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. ते चित्र आपल्या माणसांच्या काळजाला का लागले हे ज्याला कळत नाही त्याला जातच कळलेली नाही. पण पुण्यात सुहास पळशीकर यांचे कार्यालय फोडून काय मिळाले? 'मूकनायक' काढणाऱ्या माणसाच्या नावाने खुर्च्या मोडायच्या? त्या चित्राला उत्तर देण्याची ताकद आपल्या लेखणीत आणि ढोलकीत होती. त्याच २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक रंगभूमीवर आले. कल्पना संभाजी भगतांची, लेखन राजकुमार तांगडे यांचे. शिवरायांच्या नावावर दुकान मांडणाऱ्यांची त्यात भर रंगमंचावर टर उडवली जात होती, आणि प्रेक्षक तिकीट काढून ती पाहायला येत होते.