यंत्र आले दारात, कामगार मात्र गुडघ्यावरच!

नव्या इमारतीच्या जाहिरातीत चकचकीत फरशीचा फोटो हमखास असतो. आरशासारखी फरशी, रेघ मारल्यासारखे सरळ सांधे आणि त्यावरून चालणारे सुखी कुटुंब. ही फरशी ज्याने बसवली आणि ज्या बाईने तिचे सांधे पुसून काढले, ती माणसे या फोटोत कधीच नसतात. इमारत पूर्ण झाली की वॉचमन त्यांना आत सोडत नाही. हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, विदर्भातून मुंबई-पुण्याकडे आलेली आपली माणसे बांधकामाच्या नाक्यावर उभी राहिली आणि त्यांच्यापैकी अनेकांची तिसरी पिढी आजही तिथेच उभी आहे. म्हणूनच फरशीच्या दोन तुकड्यांमधील सांधा भरण्यासारखा वरवर क्षुल्लक वाटणारा विषय चळवळीच्या वाचकांसमोर मांडणे आवश्यक वाटते.

सांधा भरणे म्हणजे काय? लादी बसल्यानंतर दोन लाद्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट राहते. तिच्यात सिमेंट, बारीक वाळू आणि रंग यांचे ओले मिश्रण, म्हणजेच ग्राउट, भरावे लागते. ते नीट भरले नाही तर पाणी खाली मुरते, लादी पोकळ वाजू लागते आणि खालच्या घराचे छत गळते. म्हणजे घर टिकवणारे हे काम आहे. परंतु आपल्याकडे ते सगळ्यात शेवटी, सगळ्यात घाईत आणि सगळ्यात कमी मजुरीच्या माणसाकडून करून घेतले जाते. मिस्त्री लादी बसवतो. सांधे भरणे आणि स्पंजाने फरशी पुसून काढणे हे बहुधा बिगाऱ्याकडे, अनेकदा मिस्त्रीच्या बायकोकडे येते. दिवसभर गुडघ्यावर बसून, उघड्या हाताने, रबरी पट्टीने हे काम चालते.

या कामाची किंमत शरीर मोजते. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. ते कातडी जाळते. त्यातील क्रोमियममुळे हाताला कायमची खाज आणि चिरा पडतात. युरोपीय संघाने सिमेंटमधील या विरघळणाऱ्या क्रोमियमवर दहा लाखांत दोन भाग अशी मर्यादा घातली आणि ती २००५ पासून लागू केली. आपल्याकडे मात्र बिगारी रात्री हाताला खोबरेल तेल लावतो आणि सकाळी पुन्हा नाक्यावर येतो. आता घराघरात इपॉक्सीचे ग्राउट आले आहे. त्याची रसायनेही उघड्या कातडीला अपायकारक आहेत.

गुडघ्याचे तर विचारूच नका. जर्मनीने २००९ मध्ये गुडघ्याच्या सांध्याची झीज हा व्यवसायजन्य आजार म्हणून यादीत घेतला. ज्या कामगाराने आयुष्यभरात किमान १३,००० तास गुडघ्यावर बसून काम केले असेल आणि प्रत्येक पाळीत किमान एक तास तसे काम करावे लागले असेल, त्याचा आजार तिथे कामामुळे झालेला मानला जाऊ शकतो. आता आपण आपला हिशेब करू. आपला फरशी कामगार दिवसाला सहा तास गुडघ्यावर बसला आणि वर्षाला ३०० दिवस काम मिळाले, तर वर्षाचे १,८०० तास झाले. म्हणजे सात-साडेसात वर्षांत त्याने १३,००० तासांची रेषा ओलांडली. विसाव्या वर्षी कामाला लागलेला मुलगा तिशीच्या आतच जर्मन कायद्याच्या हिशेबात बसतो. आपल्या कायद्याच्या हिशेबात तो कुठे बसतो?

तिसरी गोष्ट धुळीची. जुन्या फरशीची दुरुस्ती करताना सांधे खरवडून काढावे लागतात. त्यासाठी ग्राइंडर लावला जातो आणि तोही कोरडा. पांढऱ्या धुळीचा लोट उठतो, खोलीत समोरचा माणूस दिसत नाही. या धुळीत सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात जाऊन बसतात आणि सिलिकोसिस होतो. या रोगावर बरे करणारे औषध नाही. त्यात क्षयरोगाची शक्यताही वाढते. सरकारी दवाखान्यात अनेकदा 'टीबी' एवढेच लिहिले जाते आणि आजाराचा कामाशी असलेला संबंध केसपेपरवरूनच पुसला जातो. अमेरिकेने २०१६ च्या नियमात हवेतील सिलिकाची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठरवली. सांध्यातील मसाला ग्राइंडरने काढायचा असेल तर पात्याभोवती आच्छादन आणि धूळ ओढून घेणारे यंत्र जोडले पाहिजे, असे सांगितले. आपल्या नाक्यावरच्या कामगाराचे आच्छादन म्हणजे तोंडाला बांधलेला रुमाल!

मग यावर उपाय नाही काय? आहे, आणि तो बाजारात विकत मिळतो. ग्राउट कालवण्यासाठी संथ फिरणारे विजेचे मिक्सर आहे. हाताने कालवण्याची गरज राहत नाही, गुठळी होत नाही. रुंद सांध्यांसाठी बॅटरीवर चालणारी बंदूक आहे. तिच्या नळीतून मिश्रण थेट फटीत जाते. मोठ्या फरशीसाठी दांडा असलेले फिरते यंत्र आहे. त्याच्या खाली रबरी पाती असतात. कामगार ते उभ्याने चालवतो आणि पाती ग्राउट सांध्यांत दाबत जातात. मग स्पंजाच्या फिरत्या पट्ट्याचे दुसरे यंत्र फरशी पुसून काढते. जुने सांधे काढण्यासाठी धूळ ओढणारी जोडणी असलेली हत्यारे आहेत. इटलीतील कारागीर अशी यंत्रे कित्येक वर्षे वापरत आहेत. चार बाय सहाच्या न्हाणीघरात मोठे यंत्र मावणार नाही आणि बारीक सांध्यात बंदुकीचा उपयोग मर्यादित आहे, हे खरे. परंतु रेल्वे स्थानक, मॉल, इस्पितळ, कॉलेज, सरकारी कार्यालय इथे हजारो चौरस फूट फरशी असते. तिथे तरी माणसाने गुडघ्यावर का सरपटावे?

याचे उत्तर तंत्रज्ञानात नाही, आपल्या समाजरचनेत आहे. ठेकेदाराचे गणित साधे आहे. यंत्र विकत घ्यावे लागते, त्याची दुरुस्ती करावी लागते, ते बिघडले तर नुकसान ठेकेदाराचे होते. माणूस मात्र रोजच्या रोज नाक्यावर मिळतो, तो बिघडला तर नुकसान त्याच्या घरच्यांचे होते! ज्या देशात गटारात उतरायला माणूस मिळतो, त्या देशात गटार साफ करणारे यंत्र उशिरा येते. २०१३ मध्ये हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा झाला, तरी गटारातील मृत्यू थांबले नाहीत. फरशीचे काम हे मैल्याचे काम नव्हे, परंतु दोन्हीमागील न्याय एकच आहे. काही माणसांचे शरीर यंत्रापेक्षा स्वस्त आहे, असे मानणारी व्यवस्था यंत्राची वाट कशाला पाहील?

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो आपलेच लोक घेतात. ते म्हणतात, यंत्र आले तर चार बिगाऱ्यांचे काम एकटा करील, मग उरलेल्या तिघांनी काय खावे? प्रश्न रास्त आहे. परंतु या प्रश्नाचा विचार बाबासाहेबांनी फार पूर्वी करून ठेवला आहे. १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये गांधीजींनी यंत्राला दोषी ठरवले. बाबासाहेबांनी १९४५ साली 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात त्या विचाराचा समाचार घेतला. त्यांचे म्हणणे असे की, दोष यंत्राचा नाही. यंत्राचा फायदा मूठभरांच्या खिशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. माणसाला पशूच्या पातळीवरून वर यायचे असेल तर त्याला फुरसत हवी, आणि कष्ट कमी करणाऱ्या यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत मिळणार नाही. मजूरमंत्री म्हणून त्यांचे काम याच दिशेने होते. त्यांच्याच कार्यकाळात १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तेव्हा यंत्राला विरोध करून कामगाराला गुडघ्यावर ठेवणे हा आंबेडकरी विचार होऊ शकत नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि वाचलेला वेळ कोणाचा, हा आपला प्रश्न असला पाहिजे.

कारण हत्यार आणि जात यांचे नाते आपण मुंबईच्या गिरण्यांत पाहिले आहे. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. तिथे धोट्यातील दोरा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, या कारणाने आपल्या लोकांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. तोंड न लावता दोरा ओवता येईल असे धोटे जगात तेव्हाही होते. म्हणजे साधे हत्यार बदलले असते तरी बहिष्काराचा बहाणा संपला असता! परंतु बहाणा संपवायचाच नव्हता. उद्या सांधे भरण्याचे यंत्र आले आणि ते चालवण्याचे काम, त्याचे प्रशिक्षण आणि त्याची वाढीव मजुरी दुसऱ्यांकडे गेली, आणि बादली-स्पंज तेवढा आपल्या बायाबापड्यांकडे राहिला, तर इतिहासाची तीच पुनरावृत्ती होईल.

सरकारचे या दिशेने काय चालले आहे? केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी 'पीएम विश्वकर्मा' योजना सुरू केली. १८ व्यवसायांत राजमिस्त्रीचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणात रोज ५०० रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्ज अशी तिची रचना. अवजाराला मदत मिळत असेल तर आपल्या कारागिरांनी ती जरूर घ्यावी, तो त्यांचा हक्क आहे. परंतु योजनेची भाषा तपासून पाहा. ती कुटुंबाच्या पारंपरिक व्यवसायाची भाषा बोलते. बापाचे काम मुलाने करावे, ही कल्पना ज्यांच्या मानगुटीवर दोन हजार वर्षे बसली त्यांना हा शब्द खटकणारच. तामिळनाडू सरकारने याच कारणासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये ही योजना आहे त्या स्वरूपात राबवण्यास नकार दिला. आपल्याला अवजार हवे आहे, पण ते जातीच्या दाखल्यासारखे वंशपरंपरेने नको. ज्याला काम शिकायचे आहे त्याला ते मिळाले पाहिजे, आणि ज्याला या कामातून बाहेर पडायचे आहे त्याच्या मुलाला शाळा-कॉलेज मिळाले पाहिजे.

पैसा नाही, असे कोणी सांगू नये. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर बसवला गेला. महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ स्थापन व्हायला २०११ साल उजाडले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात नोंदवले की, देशभरात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमा झाला आणि खर्च झाले सुमारे ९,५०० कोटी. कामगाराच्या नावाने गोळा झालेला पैसा पडून आणि कामगार गुडघ्यावर! आता हे जुने कायदे नव्या श्रम संहितांत विलीन झाले असून त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. नाव बदलले, परंतु नाक्यावरच्या माणसाला ९० दिवस काम केल्याचा दाखला कोण देणार, हा प्रश्न तोच आहे. आज याच्या हाताखाली तर उद्या त्याच्या, अशा माणसाला ठेकेदार सही देत नाही. सही नाही म्हणून नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणून लाभ नाही. मंडळाच्या भांड्यांच्या संचासाठी मोठमोठ्या रांगा लागल्या, त्या सर्वांनी पाहिल्या. भांडी मिळाली याचा आनंदच आहे. परंतु कामगाराला भांडी देऊन त्याचे गुडघे आणि फुप्फुसे वाचत नाहीत.

म्हणून चळवळीतील कार्यकर्त्यांनी, विशेषतः कामगार संघटनांत काम करणाऱ्यांनी काही मागण्या ठामपणे लावून धरल्या पाहिजेत. उपकराच्या पैशातून प्रत्येक मोठ्या नाक्याजवळ अवजार-भांडार असावे. तिथे नोंदणीकृत कामगाराला मिक्सर, सांधे भरण्याचे यंत्र, धूळ ओढणारा ग्राइंडर नाममात्र भाड्याने मिळावा. प्रशिक्षणात महिलांना निम्म्या जागा असाव्यात, कारण पुसण्याचे काम त्यांच्याच वाट्याला येते. सरकारी इमारतीच्या निविदेत कोरडे सांधे खरवडण्यास मनाई करणारी अट असावी. ठेकेदार ती पाळत नसेल तर त्याचे बिल अडवावे. गुडघ्याच्या झिजेची नोंद व्यवसायजन्य आजार म्हणून व्हावी. नाक्यावरच्या कामाचा दाखला देण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर टाकावी.

आणि एक मागणी सरकारकडे नव्हे, आपल्याकडेच आहे. आज गावोगाव, वस्तीवस्तीत बुद्धविहार उभे राहत आहेत. वर्गणी काढून आपण संगमरवर, ग्रॅनाइट, टाइल्स लावतो. आपल्यातील शिकलेली, नोकरीतील माणसे फ्लॅट घेतात, जुन्या घराची फरशी बदलतात. तिथे काम करणारा कामगार बहुधा आपल्याच रक्ताचा असतो. त्याला हातमोजे मिळाले का, मास्क मिळाला का, गुडघ्याखाली पॅड आहे का, मशीन भाड्याने आणण्यासाठी दोन पैसे जास्त द्यायची आपली तयारी आहे का, हे प्रश्न विहार समितीच्या बैठकीत किती वेळा निघतात? दर ठरवताना आपण ठेकेदाराशी घासाघीस करतो. ती कापलेली रक्कम ठेकेदार स्वतःच्या नफ्यातून देत नाही, ती बिगाऱ्याच्या मजुरीतूनच वजा होते. ज्या विहारात आपण मैत्री आणि करुणेचे पाठ घेणार, त्याची फरशी कोणाच्या तरी जळलेल्या हातांवर आणि धुळीने भरलेल्या छातीवर उभी राहू नये, एवढी जबाबदारी तर आपण घेऊ शकतो.

बाबासाहेबांनी आपल्याला ताठ मानेने उभे राहायला शिकवले. सांधे भरणाऱ्या कामगाराला उभ्याने काम करू देणारे यंत्र जगात तयार आहे, त्यासाठी लागणारा पैसा त्याच्याच नावाने जमा आहे. तो पैसा आणि ते यंत्र त्याच्या हातात आणून देणे, हे संघटनेचे काम आहे. येत्या १ मे रोजी भाषणांसोबत नाक्यानाक्यावर नोंदणीचे अर्ज आणि या मागण्यांचे निवेदन घेऊन कार्यकर्ते गेले, तर त्या दिवसाचे सार्थक होईल. जयभीम!