बाहुली किती तासांची?

आमच्या वस्तीतल्या पतपेढीचा जमाखर्च आम्ही फावल्या वेळात लिहितो. दिवसभर कचेरीतले आकडे आणि संध्याकाळी पतपेढीचे. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या चाळीतली एक मुलगी आली. वय सत्तावीस, एका खासगी कंपनीत पॅकिंगला, पगार महिना १४,००० रुपये. तिने पिशवीतून दुपट्यात गुंडाळलेले तान्हे मूल काढले आणि आमच्या रोजकीर्दीवर ठेवले. बाकावर बसलेल्या एक आजी ओरडल्याच, "अगं पोरी, मान धर की त्याची!"

ती बाहुली होती. मिटलेले डोळे, कपाळावरची निळसर शीर, नखांच्या कडेला गुलाबी रंग. आम्ही उचलून पाहिली, तर वजनही मुलाचे आणि मानही मुलासारखी मागे पडणारी. पाहून अंगावर काटा आला.

"काका, मी नोकरी सोडते," ती म्हणाली. "आता हेच करायचं. साठ हजार कर्ज पाहिजे आणि तुम्ही जामीन राहा."

वडील घरी बसलेले, भाऊ अजून शिकतोय, खोलीच्या कर्जाचा हप्ता हिच्याच पगारातून जातो. हे सगळे आम्हाला ठाऊक. तिची कलाही समोर दिसत होती. आम्ही फॉर्म तिच्यासमोर ठेवला, पण पेनाचे टोपण काही काढले नाही.

ती हे शिकली मोबाइलवर, परदेशातल्या बायकांचे काम पाहून. अमेरिकेत या बाहुल्यांना 'रीबॉर्न' म्हणतात, म्हणजे पुन्हा जन्मलेली. १९९० च्या सुमारास तिथल्या हौशी बायकांनी दुकानातल्या बाहुल्यांचा रंग उतरवून त्या नव्याने रंगवायला सुरुवात केली. पुढे इंटरनेटवर विक्री सुरू झाली आणि हा छंद युरोप, ब्राझीलपर्यंत पोचला. आता डोके, हात, पाय यांचे कोरे व्हिनाइलचे संच विकत मिळतात. त्यावर रंगाचा अगदी पातळ थर द्यायचा, भट्टीत सुमारे १३० अंशाला काही मिनिटे भाजायचा, गार करायचा आणि पुन्हा पुढचा थर. असे पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त थर. मग अंगोरा बकरीच्या लोकरीचे केस बारीक सुईने टाळूत एकेक, दोन-दोन रोवायचे. नुसत्या केसांना तीस-चाळीस तास लागतात. शेवटी कापडी अंगात काचेचे बारीक मणी भरून वजन आणायचे. किंमत काहीशे डॉलरपासून काही हजार डॉलरपर्यंत.

काही हजार डॉलर! हा आकडा आमच्या पोरीच्या डोक्यात बसला होता. तो खोटा नाही. पण तो मोजक्या, नाव झालेल्या कारागिरांचा. तिथेही पुष्कळ बायका एक बाहुली विकून आलेल्या पैशांत पुढचा संच आणि रंग घेतात, म्हणजे छंदाचा खर्च छंदातून निघतो, घरभाडे नाही. पुष्कळ गिऱ्हाइके पैसे हप्त्याने देतात आणि पूर्ण पैसे येईपर्यंत बाहुली कारागिराच्या कपाटात पडून राहते. शिवाय चीनमधल्या कारखान्यांतून तयार बाहुल्या आणि नकली संच स्वस्तात येतात. आमच्या मते या धंद्यात सर्वात निर्धास्त आहेत ते संच, रंग आणि शिकवण्या विकणारे. बाहुली विकली जावो न जावो, त्यांचा माल आधीच खपलेला असतो.

इथे आमची स्वतःची फजिती सांगायला हवी. कॉलेजात असताना आम्ही मंडळांचे फलक रंगवत असू. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री बारापर्यंत हातात ब्रश. जो तो म्हणे, "अक्षर कसं छापल्यासारखं!" बी.कॉम. झाल्यावर आम्हाला वाटले, हाच धंदा करू. एक गाळा भाड्याने घेतला. चार महिन्यांत कुलूप लागले. ज्यांचे फलक आम्ही फुकट रंगवले होते तेच म्हणाले, "घरच्या माणसानं पैसे मागायचे?" पुढे फ्लेक्स आला आणि अक्षराचे दिवसच संपले, पण आम्ही त्याआधीच बुडालो होतो. कौतुक करणारा आणि विकत घेणारा ही दोन वेगळी माणसे असतात, हे गाळ्याचे भाडे भरून शिकलो.

म्हणून आम्ही तिला म्हटले, "कर्जाचं नंतर. एक बाहुली करताना घड्याळ लाव आणि वहीत लिही."

पंधरा दिवसांनी वही आली. कापड, भरायचा कापूस, क्ले, रंग, केस असा माल ७८० रुपयांचा. विक्री १,५०० ला. ती म्हणाली, "७२० नफा, काका, म्हणजे जवळपास निम्मा." वहीत तास होते ३४. आम्ही भागाकार केला, तासाला २१ रुपये. कंपनीत तिला दिवसाला ५३८, म्हणजे तासाला ६७ पडतात. वर प्रॉव्हिडंट फंडात मालकाचा हिस्सा, ईएसआयचा दवाखाना आणि उद्या लग्न होऊन मूल झाले तर सव्वीस आठवड्यांची पगारी रजा.

पुढचा हिशेब असा. महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास धरले तर २०८ तास. त्यातला चौथा हिस्सा बाजारहाट, फोटो, गिऱ्हाइकांचे फोन आणि पार्सल यांत जाणारच. उरले १५६. त्यात चार बाहुल्या पुऱ्या होतील, पाचवी अर्धी राहील. आजच्या भावाने हाती पडतील २,८८० रुपये. चौदा हजार मिळवायचे तर एकेक बाहुली ४,२८० ला विकली पाहिजे आणि दर महिन्याला चार गिऱ्हाइके पाहिजेत, पावसाळ्यातसुद्धा. वर्षभरात तिने विकल्या होत्या अकरा. त्यांतल्या सहा नात्यात.

ती गप्प झाली. आम्हालाही वाईट वाटले. पोरीच्या हातात कला आहे आणि आम्ही भागाकार करीत बसलोय!

पण हा भागाकार आमच्या कारकुनी डोक्यातून निघालेला नाही. जर्मनीत थुरिंगिया भागात सोनेबर्ग नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धाआधी जगभरच्या मुलांच्या हातातल्या बाहुल्यांचा मोठा वाटा या गावातून जाई. त्या बाहुल्या बनत आसपासच्या खेड्यांत, घराघरांत. एक कुटुंब फक्त डोकी साच्यात दाबणार, दुसरे फक्त डोळे बसवणार, तिसरे अंग शिवणार. डोळे जवळच्या लाउशा गावातले काचेचे. तिथल्या एका कारागिराने १८३५ मध्ये माणसाला बसवायचे काचेचे डोळेही तयार केले होते, इतका हात बसलेला. आणि मजुरी? नगावर. माल सांगणारा आणि भाव ठरवणारा व्यापारी. ज्या खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत बाहुल्यांची डोकी वाळत टाकलेली. लहान मुलेही कामाला. दुसऱ्यांच्या मुलांसाठी बाहुल्या करता करता त्यांचे बालपण जाई. मग बायका पाठीवरच्या मोठ्या टोपल्यांत माल भरून सोनेबर्गला व्यापाऱ्याच्या दारात नेऊन टाकीत. त्या सर्वांचा हा पूर्णवेळ धंदा होता आणि हात आमच्या पोरीइतकेच कुशल होते. फक्त तास कोणी मोजत नव्हते. घरातले काम, त्याचे कसले तास?

ते मोजले गेले १९०६ मध्ये. बर्लिनमध्ये घरी बसून केलेल्या कामाच्या वस्तूंचे एक प्रदर्शन भरले. वस्तू साध्याच, पण त्यांना चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या. ही करायला किती तास लागले आणि करणाऱ्याला तासाला किती मिळाले, हे चिठ्ठीवर. बघायला आलेली सुखवस्तू मंडळी चिठ्ठ्या वाचून चपापली. त्याच वर्षी लंडनमध्ये तसेच प्रदर्शन झाले आणि १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये काही धंद्यांसाठी किमान मजुरी ठरवणारा कायदा आला. भाषणांनी जे होत नव्हते त्याला चिठ्ठीचा मोठा हातभार लागला.

आता त्याच जर्मनीतल्या एका बाईची हकिकत, जिचे बाहुल्यांवर भले झाले. तिचे नाव केटे क्रूझ. जन्म १८८३, लहानपण गरिबीत, पुढे नाटकात कामे केली. १९०५ मध्ये मुलीला बाहुली हवी होती. नवरा शिल्पकार, त्याला दुकानातल्या बाहुल्या आवडत नसत, त्याने सांगितले की तुम्हीच करा. तिने टॉवेलात वाळू भरली, कोपऱ्यांना गाठी मारल्या आणि डोक्याच्या जागी बटाटा लावला. पाच वर्षे हे घरापुरते चालले. १९१० मध्ये बर्लिनच्या एका मोठ्या दुकानात घरी केलेल्या खेळण्यांचे प्रदर्शन होते, तिथे तिच्या बाहुल्यांचे नाव झाले. आधी एका कारखान्याला करायला दिल्या, पण मनासारख्या होईनात, म्हणून काम परत घेतले. मग अमेरिकेतून दीडशे बाहुल्यांची मागणी आली तेव्हा राहत्या घराचा कारखाना झाला. १९१२ मध्ये बाड कोझेन गावी स्वतःची कार्यशाळा. १९२५ मध्ये नक्कल करणाऱ्या एका मोठ्या कंपनीविरुद्धचा खटलाही ती जिंकली. सात मुलांची आई होती ती!

आमच्या पोरीने हे ऐकले आणि तिचे डोळे चमकले. "बघा काका!"

आम्ही म्हटले, "बघ तूच. पाच वर्षं तिनं विकायचा विचार केला नाही, कारण नवरा नावाजलेला शिल्पकार, घरची चूल बाहुलीवर पेटत नव्हती. आणि घराचा कारखाना केला तो दीडशे नगांची मागणी हातात आल्यावर. तुझ्या हातात काय आहे?"

केटे क्रूझची आणखी एक गोष्ट आम्ही तिला सांगितली, तेव्हा नुसती माहिती म्हणून. १९२० च्या दशकात तिने वाळू भरलेले, सुमारे अडीच किलो वजनाचे तान्हे बाळ तयार केले. तरुण मुलींना आणि होणाऱ्या आयांना बाळ कसे उचलावे, कसे गुंडाळावे हे शिकवायला त्याचा उपयोग होई.

आता कायद्याचे, कारण आमच्याकडे फॉर्म भरायला येणाऱ्या बहिणी हे हमखास विचारतात. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिराला त्यातून सूट आहे. म्हणून विकायला सुरुवात करण्याआधी कारागीर म्हणून नोंद करून घ्यावी. दुसरे, सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारेही आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने पहिले १ लाखाचे कर्ज. पण ते अठरा महिन्यांत फेडायचे, म्हणजे महिना पावणेसहा हजारांच्या आसपास हप्ता. २,८८० रुपयांतून पावणेसहा हजार कसे द्यायचे, हे योजनेच्या पत्रकात छापलेले नसते.

आम्ही जामीन राहिलो नाही. तसे तिला स्पष्ट सांगितले आणि ती रागावून गेली. महिनाभर वस्तीत समोर आली तरी नजर चुकवत होती. तिची आई म्हणाली, "भाऊ, दोन शब्द गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" बरोबर आहे, आम्हाला ते जमत नाही.

मग एका रविवारी ती परत आली. नोकरी चालूच होती. बाहुलीचा भाव तिने ३,४०० केला होता आणि प्रत्येक बाहुलीच्या पायाला चिठ्ठी बांधली होती, 'हाताचे काम, ३४ तास'. नात्यातल्या मागण्या एकदम थांबल्या. मावशीने तर तोंडावर विचारले, "आमच्याकडूनही?" बाहेरचे एकच गिऱ्हाईक आले, पण चिठ्ठी वाचून त्याने भाव केला नाही, हे तिला फार लागून राहिले होते, चांगल्या अर्थाने.

शिवाय ती एका परिचारिका प्रशिक्षण वर्गात बाळ घेऊन गेली होती. वाळूच्या बाळाची गोष्ट तिने डोक्यात ठेवली होती तर! त्यांनी तीन मागवली, २,२०० रुपयांना एक. वजन बरोबर हवे, मान सैल हवी, शिवण पक्की हवी. माल ९०० चा, काम चौदा तासांचे. आम्ही पेन काढले. तासाला ९३ रुपये. कंपनीपेक्षा जास्त.

"झालं की मग," आम्ही म्हटले. "आता असे आणखी चार वर्ग शोध. सहा महिन्यांच्या मागण्या वहीत दिसल्या की हा फॉर्म काढू. टाकलेला नाही, ड्रॉवरमध्येच आहे."

पण तिचा चेहरा उतरलेलाच.

"त्यांना चेहरा नकोय, काका," ती म्हणाली. "म्हणाले, नुसते डोळे-नाक काढा, पुरे. मला तसं करताच येत नाही. काल एकाला साधं करायला बसले आणि रात्री दीडपर्यंत पापण्याच लावत होते."

"ते तास लिहिलेस?"

"नाही."

आम्ही वही तिच्याकडे सरकवली.