तर्रीवरचा उतारा

ऑक्टोबरचं ऊन तापलं म्हणून मिसळीच्या दुकानासमोरची रांग कमी होत नाही. नवरात्राचे उपास सुटले की उलट ती वाढते. हल्ली एक नवी गोष्ट दिसते. गल्ल्यावर बडीशेपेच्या वाटीशेजारी पित्ताच्या चूर्णाच्या पुड्या टांगलेल्या असतात. पुडीवर हिरवं पान आणि खाली ठळक अक्षरांत 'आयुर्वेदिक'. आत जाळ वाढायचा आणि बाहेर पडताना बंब विकायचा, असा हा चोख धंदा. माझी तक्रार आहे ती या पुडीबद्दल, आणि ती आयुर्वेदाच्या बाजूनं आहे.

मुळात चरकानं मिसळीबद्दल काही सांगितलेलंच नाही. सांगणार कुठून? मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरलेली. चरक-सुश्रुतांच्या काळी तिखट म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी. तेव्हा 'प्राचीन ग्रंथांतला मिरचीवरचा रामबाण उपाय' असं काही छापलेलं दिसलं, तर पुडी होती तिथं ठेवून द्यावी. ग्रंथांनी दिला आहे तो हिशेब. तिखट, आंबट आणि खारट हे रस पित्त वाढवतात. गोड, कडू आणि तुरट ते शमवतात. आता समोरची ताटली पाहा. तिखटजाळ कट, वर पिळलेलं लिंबू, त्यावर खारट फरसाण. तिघेही हजर! त्यात ऋतू शरद. पावसाळ्यात साठलेलं पित्त या दिवसांत उसळतं असं ऋतुचर्या सांगते, आणि म्हणून तूप, कडू चवीचे पदार्थ, विरेचन यांची शिफारस करते. कोजागरीचं दूधही याच हिशेबातलं मानलं जातं.

मिरचीवरचा खरा उतारा आपल्याकडे वाढणाऱ्या हातांनी शोधला आणि तो ताटातच ठेवला. कोल्हापुरात तांबड्या रश्श्याशेजारी पांढरा असतो. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू. मालवणी जेवणात सोलकढी येते, कोकमाचा आगळ आणि नारळाच्या दुधाची. (तिच्यातही लसूण-मिरची वाटून घालणारे आहेतच, पण त्यांचा नाद सोडा.) नाशकात मिसळीबरोबर दह्याची वाटी येते. यामागचं रसायन असं की मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून ठसका लागल्यावर गटागटा पाणी प्यायलं तर आग तोंडभर पसरते, आणि घोटभर दूध प्यायलं की त्यातलं केसिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून घेऊन जातं. खरं तर तिथं काही भाजलेलं नसतं. उष्णता ओळखणारा शरीरातला एक पहारेकरीच मिरचीनं फसतो. डेव्हिड ज्युलियस यांनी तो १९९७ साली शोधून काढला आणि त्यांना २०२१चं नोबेल मिळालं. हे पहारेकरी जिभेवर आहेत तसे आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत आहेत. आदल्या दिवशीची मिसळ सकाळी पुन्हा का भेटते, ते यावरून कळावं.

स्निग्ध चांगलं म्हणून तर्रीही चांगली, असं मात्र कुणी म्हणू नये. पोट तेलाला लवकर खाली सोडत नाही. अन्न रेंगाळतं, आंबट ढेकरा येतात, आणि बदनाम होते ती मिरची.

घरगुती उपायांत आपली सगळ्यात मोठी गल्लत इथंच होते. मिसळ खाल्ल्यावर तक्रारी दोन प्रकारच्या असतात. एक जडपणाची: पोट फुगलंय, ढेकर अडकलीय. दुसरी जळजळीची: छातीत, घशात आग. पहिलीला ओवा, हिंग, चिमूटभर सुंठ लागू पडते. दुसरीवर हेच दिलं तर आगीत तेल. तरी घरोघरी 'पोट बिघडलंय ना, मग ओवा खा' एवढंच सांगतात. ताकाचंही तसंच. ग्रहणी आणि मूळव्याध यांत ताकाची थोरवी ग्रंथ मनापासून गातात. पण उष्णकाळी, अंगाचा दाह होत असताना, रक्तपित्तात ते देऊ नये, असंही सुश्रुतसंहितेत आहे. जड वाटत असेल तर ताजं, गोडसर ताक जिरेपूड घालून प्यावं. घसा जळत असताना आंबट ताक ओतू नये.

जळजळीसाठी माझं मत धन्यांच्या पाण्याला. शारंगधरसंहितेत हिमाची कृती आहे: द्रव्य भरड कुटून सहापट पाण्यात रात्रभर भिजवायचं आणि सकाळी गाळून घ्यायचं. धन्याचा हिम थोडी खडीसाखर घालून पितात. गॅस नको, यंत्र नको, जाहिरात तर नकोच. शिवाय साळीच्या लाह्या, भिजवलेल्या मनुका, मोरावळा हे आहेतच.

आता ती पुडी. बहुतेक वेळा आत अविपत्तिकर चूर्ण असतं. औषध जुनं आणि चांगलं, पण ग्रंथातल्या पाठात निम्मी साखर आहे आणि उरलेल्यात मोठा वाटा निशोत्तराचा, म्हणजे रेचकाचा. सुंठ-मिरी-पिंपळीही त्यात आहेत. पित्त खालच्या वाटेनं काढून द्यायचं, ही त्यामागची योजना. मधुमेह असलेल्या माणसानं किंवा आधीच जुलाब होणाऱ्यानं ते बडीशेपेसारखं तोंडात टाकायचं नसतं. सूतशेखर तर आपल्याकडे शेजारी शेजाऱ्याला सुचवतो. त्यात शोधन केलेला पारा, बचनाग आणि धोत्र्याचं बी असतं, हे किती जणांना माहीत आहे? ज्येष्ठमध निरुपद्रवी वाटतो, पण रोज भरपूर घेतला तर रक्तदाब वाढवतो. ही औषधं वैद्यानं नाडी पाहून, प्रमाण ठरवून द्यायची आहेत.

आणि वैद्याकडे गेलात तर तो आधी निदानपरिवर्जन सांगेल, ज्या कारणानं त्रास होतो ते टाळा म्हणेल. पुडीवर हे छापत नाहीत, कारण त्यात विकायला काही नाही. मिसळीच्या बाबतीत ते फार कठीणही नाही. रिकाम्या पोटी खाऊ नये, कट दुसऱ्यांदा मागू नये, वर लगेच कडक चहा घेऊ नये, खाऊन आडवं होऊ नये. पडायचंच असेल तर थोड्या वेळानं आणि डाव्या कुशीवर. त्या कुशीवर आम्ल घशाशी कमी येतं, एवढं श्रेय वामकुक्षीला द्यायला हरकत नाही.

मिरचीनं अल्सर होतो हा समज मात्र सोडून द्यावा. बहुतेक अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. त्या जीवाणूच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरन यांना २००५चं नोबेल मिळालं. जळजळ आठवडेच्या आठवडे टिकली, गिळायला त्रास होऊ लागला, वजन उतरलं किंवा शौचाला काळं झालं, तर धने भिजवत बसू नये, डॉक्टरकडे जावं. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर 'गॅस असेल' म्हणून सोडा पिऊन पडून राहू नये. थेट इस्पितळ गाठावं आणि ईसीजी काढून घ्यावा. नुकतीच मिसळ खाल्ली होती, हे तिथं पोहोचल्यावरही सांगता येईल.