गांजा, उदासपणा आणि बंदीचे दोन महिने



१ जूनला बंदी लागते. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस आपल्या यांत्रिक बोटी जेटीला. इंजिनाचं काम, रंग, जाळी शिवणं, सबसिडीचे कागद, अशी कामांची यादी प्रत्येक मालकाच्या खिशात तयार असते. यंदा त्या यादीत एक काम वाढवा, एवढंच सांगायला हे लिहितो आहोत. आपल्या घरातला किंवा बोटीवरचा जो माणूस गेले काही महिने गप्प झालाय, उगाच चिडतोय आणि पुडीशिवाय ज्याचा दिवस जात नाही, त्याला या दोन महिन्यांत डॉक्टरकडे न्या.

विषय नाजूक आहे. जेटीवर दारूबद्दल मोकळेपणी बोललं जातं. गांजाबद्दल कुजबुज चालते. उदासपणाबद्दल मात्र कोणीच बोलत नाही. म्हणून आधी त्याचंच बोलू.

मासळी लागली नाही, डिझेलचं बिल आलं, बँकेचा हप्ता चुकला, तर कोणाचंही मन खाली जातं. चार दिवसांनी तारले-बांगडे लागले की तोच माणूस पुन्हा हसतो. हा काही आजार नव्हे. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळजवळ रोज, मन उदास. ज्यात गोडी होती त्यात गोडी नाही. झोप मोडते नाहीतर उठवतच नाही. जेवण जात नाही. अंगात त्राण नाही. 'माझा कोणाला काही उपयोग नाही' असं डोक्यात घोळतं, असं असेल तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. आपल्यातले पुरुष सहसा रडत नाहीत. ते भांडतात, पितात, जेटीवरून उशिरा घरी येतात. बायका 'कंबर दुखते, अशक्तपणा वाटतो' म्हणून दवाखान्यात जातात आणि टॉनिक घेऊन परत येतात. आजार तिथल्या तिथेच राहतो.

आता पुडीचं बघू. 'डोकं शांत होतं, झोप लागते' म्हणून माणूस ओढायला लागतो. सुरुवातीला तसं वाटतंही, खोटं कशाला बोला. पण रोज ओढलं की शरीराला सवय होते. मग एखाद्या दिवशी मिळालं नाही की झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते, मन आणखी खाली जातं. हा त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. माणसाला काय वाटतं? 'बघ, ओढलं नाही की मी आजारी पडतो, म्हणजे हेच माझं औषध.' खरं तर तो त्रास गांजाने केलेला असतो, आणि तो घालवायला माणूस पुन्हा गांजाच ओढतो. या भोवऱ्यात चांगले चांगले दर्यावर्दी अडकतात.

उदास माणूस गांजाकडे वळतो, आणि गांजाने उदासपणा वाढतो, दोन्ही खरं आहे. पोरांच्या बाबतीत धोका जास्त. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. २०१९ मध्ये ११ अभ्यास आणि २३,३१७ लोकांची माहिती एकत्र करून तपासण्यात आली. अठराव्या वर्षाआधी गांजा ओढणाऱ्यांमध्ये पुढे तरुणपणी नैराश्याची शक्यता सुमारे ३७ टक्क्यांनी जास्त दिसली. जीव देण्याचा प्रयत्न करण्याची शक्यता तर तिपटीहून जास्त. स्वीडनमध्ये सैन्यात भरती होणाऱ्या ४५,५७० तरुणांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांनी भरतीपूर्वी पन्नासहून जास्त वेळा गांजा-चरस घेतला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास होणं, संशय येणं अशा आजाराचं प्रमाण सहा पट निघालं. हा अभ्यास १९८७ मध्ये छापून आला, म्हणजे ही माहिती आजकालची नाही.

ओढणारा प्रत्येक जण वेडा होतो, असं आम्ही म्हणत नाही. बहुतेकांना तो आजार होत नाही. पण ज्याच्या घरात आधी कोणाला मनाचा आजार झालाय आणि जो पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू करतो, त्याने पाण्याची खोली न बघता उडी मारली असं समजा.

यावर जेटीवर जी उत्तरं ऐकू येतात, ती आम्हालाही पाठ आहेत.

'हा तर शंकराचा प्रसाद.' प्रसाद रोज चार वेळा, कामाच्या वेळी आणि बायकोशी भांडून कोणी घेत नाही.

'जुनी माणसंही ओढायची.' ओढायची. त्यातल्या किती जणांचं काय झालं, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. आणि आज पुडीत माल किती कडक आहे, त्यात काय मिसळलंय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

'परदेशात तर कायदेशीर झालाय.' कॅनडाने २०१८ मध्ये परवानगी दिली खरी. पण तिथेही १८ किंवा १९ वर्षांखालच्याला विकता येत नाही, आणि क्यूबेक प्रांतात ही मर्यादा २१ आहे. ज्यांनी दार उघडलं, त्यांनीही पोरांसाठी ते बंदच ठेवलं.

आपली पोरं मात्र किनाऱ्यावरच वाढतात. सीझनमध्ये शॅकवर, वॉटर स्पोर्ट्सवर काम मिळतं, हातात रोकडा येतो, रात्री उशिरापर्यंत पार्ट्या चालतात. सोळा वर्षांच्या पोराला पुडी शोधायला लांब जावं लागत नाही. पोरगा शाळेत मागे पडला, जुने मित्र सुटले, दिवसभर खोलीत पडून राहतो, पैसे कुठे जातात कळत नाही, असं दिसलं तर 'वयच तसं आहे' म्हणून सोडू नका. पट्ट्यानेही मारू नका. मार खाल्लेला पोरगा पुढच्या वेळी फक्त लपवायला शिकतो. शांतपणे बसवा, विचारा, आणि डॉक्टरकडे सोबत जा.

बोटीवरचं सांगायला नको, पण सांगतो. गांजाने हात-पाय आणि नजर यांचा मेळ बिघडतो, अंतराचा अंदाज चुकतो, आणि हा परिणाम काही तास राहतो. चालत्या विंचजवळ, ताणलेल्या दोरीजवळ, रात्रीच्या काळोखात एक चुकीचं पाऊल म्हणजे बोटं गेली किंवा माणूस पाण्यात. दारूलाही हेच लागू.

आपल्याकडे सहसा काय होतं? मालकाला कळलं की तो खलाशाला उतरवतो. तो दुसऱ्या बोटीवर चढतो, दुखणं तेच. मालकाचा स्वतःचा पोरगा असेल तर घरातले लपवतात, लग्न जुळणार नाही म्हणून. कोणी कौल लावतो, कोणी गाऱ्हाणं घालतो. देवाला जरूर सांगा, आमची ना नाही. पण ताप आल्यावर गाऱ्हाणं घालूनही आपण डॉक्टरची गोळी घेतोच ना? इथेही तसंच करा.

आणि इलाज आहे. गांजा सोडवणारी एकच अशी गोळी नाही. पण झोप आणि चिडचिड सांभाळायला डॉक्टर मदत करतात, नैराश्यावर औषधं आहेत, आणि समुपदेशनाचा मोठा उपयोग होतो. त्याचा पुरावा आपल्या गोव्यातलाच आहे. 'संगत' या संस्थेने इथल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका करायला लावल्या. रोजचं काम, माणसांत मिसळणं, आवडीच्या गोष्टी पुन्हा हळूहळू सुरू करायला लावणं, एवढीच पद्धत. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के सावरलेले होते, बैठका न मिळालेल्यांतले ३९ टक्के. २०१७ मध्ये लॅन्सेट या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकाने हे छापलं.

पोलिसांची भीती बऱ्याच जणांना थांबवते. गांजा ओढणं गुन्हा आहेच. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच कलम ६४ अ आहे. ओढण्याच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर मात्र ही सवलत जाऊ शकते. गावभर बोभाटा होईल अशी भीती असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय.

आता सोसायटीने काय करावं? आमचं मत असं.

पहिलं, फेरीला निघालेल्या बोटीवर गांजा नाही, दारू नाही. नियम खलाशाला तोच मालकाच्या पोराला.

दुसरं, जो स्वतःहून येऊन 'मला सोडायचंय' म्हणेल, त्याची जागा ऑगस्टमध्ये राखून ठेवायची. त्या कारणासाठी त्याच्याकडे आगाऊ दिलेल्या पैशाचा तगादा लावायचा नाही. काही मालक म्हणतील, यात आमचं नुकसान. हिशोब करून बघा. जाळं टाकायला-ओढायला सरावलेला हात गेला तर नवा तयार करायला किती महिने जातात?

तिसरं, बंदीच्या काळात सोसायटीच्या हॉलमध्ये समुपदेशकाला बोलवायचं. बायकांची बैठक वेगळी ठेवायची, नाहीतर त्या बोलणार नाहीत.

ओडिशा, झारखंडचे आपले खलाशी बंदीत गावी जातात. ते निघण्याआधी त्यांच्याशी बोला. त्यांच्या खिशात खालचा नंबर असू द्या, तो तिथेही चालतो.

बंदीचे दोन महिने धोक्याचे असतात. हाताला काम नाही, पैसा आटतो, पाऊस थांबत नाही, माणूस घरात नाहीतर अड्ड्यावर. पण सोडताना सुरुवातीचे दोन-तीन आठवडे जे त्रासाचे जातात, ते काढायला दुसरा वेळ आपल्याला वर्षभरात मिळतच नाही. सीझनमध्ये कोणाला सुट्टी आहे? जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर ऑगस्टमध्ये बोट सुटेपर्यंत माणूस बराच सावरलेला असेल.

टेली मानस: १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.
व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन: १४४४६.
बांबोळीचं सरकारी मनोविकार इस्पितळ (आयपीएचबी), किंवा आधी जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा.

कोणी मरणाच्या गोष्टी करत असेल तर त्याला एकटं सोडू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने त्याच्या डोक्यात तो विचार येत नाही, उलट मन मोकळं होतं. मग लगेच १०८ ला फोन करा किंवा इस्पितळात न्या.

हा मजकूर आपल्या वाड्यावरच्या ग्रुपवर जरूर टाका. खाली कोणाचं नाव घेऊन काही लिहू नका. नियमांबद्दल तुमचं मत मात्र लिहा, पटत नसेल तरी लिहा. बंदी लागण्याआधीच्या बैठकीत हा विषय आपण मांडणार आहोत.