'पुट अप विथ' म्हणजे काय?

इंग्रजीतील 'पुट अप विथ' म्हणजे 'सहन करणे', असे आपण पाठ करतो आणि पुढे जातो. पण १८५८ साली आमच्या ग्वाल्हेरजवळ राणी लक्ष्मीबाईंनी जे घाव सोसले, त्यांना हे क्रियापद लावले तर हसू येईल. ते शेजारच्या लाऊडस्पीकरसाठी, साहेबाच्या तिरसट बोलण्यासाठी आहे. मराठीत त्याला 'खपवून घेणे' हा नेमका शब्द आहे. सोसणे नशिबी येते. खपवून घेण्यात, नाइलाजाची का होईना, आपली संमती असते.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला येथे एक गंमत दिसते. बाजारात हिंदी 'बर्दाश्त' म्हणजे सहन करणे, तर घरात मराठी 'बडदास्त' म्हणजे पाहुण्यांची सरबराई. मूळ फारसी शब्द एकच! इंग्रजीतही 'पुट अप' म्हणजे पाहुण्याला घरी उतरवून घेणे, आणि 'विथ' जोडले की खपवून घेणे. (पाहुणा किती दिवस राहिला, यावर ते अवलंबून असावे.)

म्हणूनच सासरचा जाच सोसणाऱ्या सुनेविषयी इंग्रजीत लिहिताना जरा थांबावे. तेथे 'पुट अप विथ' लिहिले, की जाच करणारे बाजूला राहतात आणि 'ती खपवून का घेते?' असा प्रश्न तिलाच विचारला जातो.