फेअरवेल कार्ड

ऑफिसात कुणी पेपर टाकले की आठवड्याभरात एक जंबो साइझ कार्ड फिरायला लागतं. लंचनंतर ते आपल्या डेस्कवर येतं. आपण पेन शोधतो, बाकीच्यांनी काय लिहिलंय ते वाचतो आणि उरलेल्या कोपऱ्यात ‘ऑल द बेस्ट, टचमध्ये राहा’ असलं काहीतरी खरडून पुढे सरकवतो. नोकरी सोडून मी फ्रीलान्सिंगला लागले तेव्हा मलाही मिळालं होतं असं कार्ड. असेल कुठेतरी कपाटात.

असंच एक कार्ड आमच्या गावच्या घरी ऐंशी वर्षं होतं. फक्त ते कार्ड आहे, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

आमचं गाव साताऱ्याकडचं. पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, १९४४ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. परतताना त्यांच्या ट्रंकेत एक कापड होतं. पांढरं, मध्ये लाल गोळा आणि भोवती काळ्या शाईतली चित्रलिपी. आमच्याकडे त्याला ‘जपानी निशाण’ म्हणतात. दर खंडेनवमीला ते बाहेर निघायचं, पणजोबांच्या मेडल्सशेजारी पाटावर मांडलं जायचं आणि शस्त्रांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागायचं. लहानपणी मला वाटायचं, त्यावर मंत्र लिहिलेत.

परवा घराचं रंगकाम निघालं, ट्रंक खाली उतरली आणि मी निशाणाचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. पुण्यात दर चौथ्या आयटीवाल्याला जपानी शिकायची हौस असते, ती त्यातलीच. दहा मिनिटांत तिचा फोन. ‘अगं, मंत्र कसले? ही नावं आहेत. माणसांची.’

मग मी वाचत सुटले. याला म्हणतात ‘योसेगाकी हिनोमारु’. गावातला मुलगा लढाईवर निघाला की राष्ट्रध्वजावर घरचे, शेजारी, मित्र, कामावरचे लोक सह्या करायचे. मोठ्या अक्षरांत बहुतेक वेळा ‘बुउन चोक्यू’, म्हणजे युद्धात तुझं नशीब शाबूत राहो. तो मुलगा घडी करून ते अंगाशी बाळगायचा. आणि तो पडला की समोरच्या सैनिकांपैकी कुणीतरी ते आठवण म्हणून खिशात घालायचा. हजारो निशाणं अशीच अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात गेली. एक साताऱ्याला आलं.

मार्व्हिन स्ट्रॉम्बो नावाच्या अमेरिकन मरीनने १९४४ साली सायपान बेटावर असंच एक निशाण उचललं. तो जपानी सैनिक झोपल्यासारखा पडला होता. कधीतरी हे परत करीन, असं स्ट्रॉम्बोने तिथेच मनाशी ठरवलं. त्यानंतर कित्येक वर्षं ते माँटानातल्या घरी काचेच्या कपाटात राहिलं. ऑगस्ट २०१७ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, ते घेऊन तो जपानच्या गिफू प्रांतातल्या एका चहा पिकवणाऱ्या डोंगरी गावात गेला. निशाणावर १८० सह्या होत्या. सादाओ यासुए असं त्या सैनिकाचं नाव. घरच्यांना सरकारकडून तेव्हा एक लाकडी पेटी मिळाली होती, आत फक्त दगड. म्हाताऱ्या धाकट्या भावाने निशाण हातात घेतलं आणि आधी त्याचा वास घेतला.

हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद केला आणि सरळ फॅमिली ग्रुपवर बॉम्ब टाकला: आपणही परत करूया का?

पुढचे दोन दिवस विचारू नका! चुलत भावाने ऑनलाइन लिलावातले भाव टाकले (हो, अशी निशाणं विकली जातात). काका भडकले. ‘आजोबांनी जिवावर उदार होऊन आणलेली वस्तू परक्याला द्यायची? ते काय तिकडे पाहुणचाराला गेले होते?’ आणि बॉस, काका चुकीचे नव्हते. जपानी फौजेने ब्रह्मदेशात केलेले अत्याचार काही कमी नव्हते आणि तिथून परत न आलेली आपलीही पोरं खूप होती. त्यांच्या घरी तर कुणाची सहीसुद्धा आली नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ग्रुप म्यूट केला.

शेवटी बोलली आजी, म्हणजे पणजोबांची सून. ऐंशीला टेकलीय. दरवर्षी हळदकुंकू तीच लावायची. रविवारी गेले, तर निशाण मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, ‘मामंजी खंडेनवमीला पूजा झाली की बाहेर जाऊन बसायचे, बघ. निशाणाकडं बघायचे नाहीत. मी नवीन होते, एकदा विचारलं, हे कुणाचं? तर म्हणाले, पोरगं होतं. बस्स, एवढंच.’

मग तिने एका सहीवर बोट ठेवलं. बाकीच्यांपेक्षा बारीक, थोडी वाकडी. ‘ही आईची असंल का गं?’

मला कुठून माहीत असणार! पण काकांनी त्यानंतर वाद घातला नाही.

अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या ॲस्टोरियात ‘ओबोन सोसायटी’ आहे. रेक्स आणि केइको झिॲक हे जोडपं ती चालवतं. केइकोचे आजोबा ब्रह्मदेशातच मारले गेले. त्यांचं निशाण २००७ साली कॅनडातून घरी परतलं आणि त्यातूनच या कामाची कल्पना आली. सह्यांवरून नाव-गाव लावत ते घर शोधतात. आम्ही फोटो पाठवलेत.

एक प्रश्न मात्र होता. निशाणाच्या कोपऱ्यात इतक्या वर्षांच्या हळदकुंकवाचा डाग पडलाय. माझं म्हणणं, ड्रायक्लीनरला विचारावं. आजीने साफ नकार दिला. ‘राहू दे. त्यांना कळू दे, नीट ठेवलं होतं म्हणून.’

आता दर रविवारी तिचा फोन येतो. मी कशी आहे, जेवले का, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला.

‘आलं का गं त्यांचं पत्र?’